सावंतकाकांचे पांढरे मासे

सावंतकाका कोणाकडे जेवायला गेले की त्यांच्या पिशवीत दोन डबे असत. एक काकूंनी भरून दिलेला, वड्यांचा नाहीतर घावण्यांचा. दुसरा रिकामा. तो रिकामा डबा ते यजमानीणबाईंच्या हातात कधीच देत नसत. जेवणं उरकली की स्वतः स्वयंपाकघरात शिरत, सिंकखालच्या कचऱ्याच्या डब्याशी उकिडवे बसत आणि त्यातून कोलंबीची सालं आणि डोकी एकेक करून वेचून घेत. पहिल्यांदा बघणारा माणूस हबकायचा. घरात आलेला, पांढऱ्या मिशांचा, इस्त्रीच्या शर्टातला हा गृहस्थ आपल्या कचऱ्यात हात घालून काय करतोय?

डब्लिनपासून लांबच्या ट्रली गावात तेव्हा मराठी घरं अगदी मोजकी. कोलंबीभाताचा बेत ठरला की लोक आपण होऊन काकांना फोन करायचे, ‘सालं ठेवू ना?’ आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव टरफलकाका ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. ‘टरफलां न्हय गो ती,’ ते म्हणायचे, ‘रंग आसा तो.’

मी एमएस्सी करायला ट्रलीला आले तेव्हा सावंतांच्या बंगल्यातली मागची खोली मला राहायला मिळाली. गावाबाहेर, समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ते एकटंच घर. काका मूळचे वेंगुर्ल्याचे, जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होते. काकू कुडाळच्या, नर्स. काकूंना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि काका जहाज सोडून त्यांच्या मागे आले, एका डेअरीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मूलबाळ नव्हतं. सगळं गाव काकूंना सिस्टर म्हणायचं. काकाही चारचौघांत सिस्टरच म्हणायचे, आणि तसं म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, वॉर्डात आल्यासारखा.

काका रिटायर झाल्यावर माशांचं खूळ सुरू झालं. दुकानातला मासा त्यांना मासा वाटतच नसे. पाकिटात, कातडी काढून, तुकडे करून. ‘डोकां नाय तर वळख कशी पटतली?’ हा त्यांचा प्रश्न. मग त्यांनी घरामागे गुरांना पाणी पाजायच्या मोठ्या गोल टाक्या आणून मांडल्या, विहिरीतून पाणी फिरवणारा पंप बसवला, हवा सोडणाऱ्या नळ्या टाकल्या. पलीकडच्या चढावर डोनल नावाच्या शेतकऱ्याची माशांची पिल्लं वाढवायची छोटी हॅचरी होती. त्याच्याकडून ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाची बोटभर पिल्लं आणली. सकाळी चहा व्हायच्या आधी काका टाकीशी उभे असायचे आणि दाणे टाकताना माशांना मालवणीत काहीबाही सांगत असायचे.

पहिला मासा कापला तेव्हा मी तिथे होते. मी कोथरूडची, घरी अंडंसुद्धा न शिजणारी. लांबूनच बघत होते. काकांनी तो असा अलगद ओट्यावर ठेवला की कुणाला वाटावं, मूल झोपलंय. पोट चिरलं, काप केले. मांस पांढरंफटक होतं. काकूंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘हो मासो न्हय. हो हॉस्पिटलचो ट्रे.’

ते काय ते मला नंतर कळलं. दर शुक्रवारी हॉस्पिटलात पांढरा उकडलेला मासा, त्यावर पांढरा सॉस आणि शेजारी पांढरा बटाटा. नोकरीभर काकूंनी तो ट्रे माणसांसमोर ठेवला होता आणि बहुतेक वेळा तसाच उचलला होता. ज्यांना तो गिळवला नाही त्यांतले किती घरी गेले नाहीत हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण त्या रंगाचं त्यांच्या मनात काहीतरी बसलं होतं. काकांसाठी त्यांनी त्या ट्राउटचं झणझणीत तिखलं केलं. स्वतः वरणभात जेवल्या. ‘तुमच्या माशाक रंग येवंदे,’ त्यांनी सांगून टाकलं, ‘मगे खातलंय.’

थट्टेतच म्हणाल्या होत्या. पण काकांनी ते घेतलं.

त्यांनी आधी गाजरं किसून दाण्यांत मिसळली. महिना गेला, मासे पांढरेच. मग बीट. टाकीचं पाणी लालभडक झालं, डोनल घाबरून बघायला आला, मासे पांढरेच. मग एके दिवशी काकूंची वर्षभराची कुडाळहून आलेली मिरचीपूड अर्धी झालेली दिसली आणि त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते मी खोलीचं दार लावून ऐकलं. मिरचीने थोडा फरक पडला असं काकांचं म्हणणं. प्रत्येक वेळी एक मासा कापून ते त्याचा काप खिडकीशी उजेडात धरायचे आणि मला हाक मारायचे. ‘पुणेकरणी, तू सांग गो. तुका मासो आवडणा नाय, म्हणान तू खोटा बोलूचंस नाय.’

मी बघायचे. ‘पांढरा, काका.’

‘अगदी?’

‘अगदी.’

ते मान हलवायचे आणि काप काकूंकडे न दाखवताच परातीत ठेवायचे.

शेवटी डोनलने सांगितलं. नदीतला ट्राउट आतून लाल असतो कारण तो कोलंबीच्या जातीचे बारीक किडे खातो. रंग त्यांच्या कवचात असतो. माशाला तो स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही, आणि गाजरातल्या रंगाचा त्याला काही उपयोग करून घेता येत नाही. कंपनीच्या खाद्यात तो रंग घातलेला असतो, एक पोतं आण, काही महिन्यांत काम होईल. काकांनी ऐकून घेतलं आणि पोतं आणलं नाही. ‘पावडरीचो रंग माका नको. ती खातली ती माझ्या हातचो मासो खातली.’ त्या दिवसापासून रिकामा डबा सुरू झाला.

इथल्या घरांत हॉट प्रेस म्हणून एक कपाट असतं. आत गरम पाण्याची टाकी असते, म्हणून लोक त्यात टॉवेल आणि चादरी वाळवतात. काका त्यात सालं वाळवायला लागले. मग मिक्सरला लावून त्यांची पूड. घरभर वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या सुकटीचा वास. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूचा शर्ट त्याच कपाटात होता. डब्लिनच्या त्या ऑफिसात माझ्यासमोरच्या बाईंनी दोनदा खिडकीकडे पाहिलं ते मला अजून दिसतं. नोकरी मात्र मिळाली. काका म्हणाले, ‘वासान मिळाली.’

मी निघायच्या आठवड्यात त्यांनी एक मासा कापला. पहिल्यांदाच तो अगदी पांढरा नव्हता. साय असते ना, तसा; कडेला जरासा बदामी. काका माझ्याकडे बघत होते आणि मी म्हटलं, ‘काका, आलाय थोडा.’ ते काप ताटलीत घेऊन काकूंकडे गेले. काकूंनी चष्मा वर करून पाहिलं. ‘रंग खंय? पांढऱ्यार मळ बसलो हा जरा.’ आणि दोघंही इतकी हसली की काकांना खुर्चीवर बसावं लागलं.

मग मी डब्लिनमध्ये क्लोनडॉकिनला नोकरीत रुळले, लग्न झालं, तिकडेच ओंगारला घर घेतलं. काका-काकूंशी फोन चालू होते. फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला, ‘रंग आला?’ आणि काकांचं उत्तर ठरलेलं, ‘वाटेत आसा.’ वर्षं अशी गेली. काकू रिटायर झाल्या. मासे मोठे होत, काका ते शेजारीपाजारी वाटत. काकू त्यांचं तिखलं करत आणि स्वतः वरणभात जेवत. त्यांचा तो हट्ट आता घरातल्या एखाद्या जुन्या खुर्चीसारखा झाला होता, कुणाला अडचण नव्हती.

मग एका वसंतात काकूंचा फोन आला. काकूंचा कधी येत नसे. भाताचा घास छातीत अडकतो असं त्या दोन महिने कुणाला बोलल्या नव्हत्या. तपासण्या झाल्या होत्या. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती तिथेच थांबलेली नव्हती. ‘रिपोर्ट मी स्वतः वाचला,’ त्या माझ्याशी पुण्याच्या मराठीत बोलल्या, दरवेळी बोलत तशा. ‘डॉक्टरांनी समजावून सांगायला सुरुवात केली, मी म्हटलं, राहू दे, मला माहीत आहे. त्या पोराचेच डोळे भरून आले. तू ह्यांच्याकडे लक्ष दे. ह्यांना अजून नीट कळलेलं नाही.’

काकांना कळलं होतं. कारण त्याच आठवड्यात ते डोनलकडे गेले आणि कंपनीच्या खाद्याचं पोतं घेऊन आले. एवढी वर्षं धरलेला हेका त्यांनी एका सकाळी सोडला, आणि त्याबद्दल कुणाला एक शब्द बोलले नाहीत. डोनलनेच मला नंतर सांगितलं. काकांनी त्याला विचारलं होतं, किती दिवसांत? डोनल म्हणाला, हे दिवसांचं काम नाही, उन्हाळा जावा लागेल. मग काकांनी विचारलं, दुप्पट घातलं तर?

त्यांनी दुप्पट घातलंही. माशाला भूक असते तेवढंच तो खातो. उरलेलं तळाशी बसलं, कुजलं, पाणी गढूळ झालं आणि काही मासे गेले. मी त्या शनिवारी गेले तेव्हा काका टाकीत अर्धे वाकून तळ साफ करत होते. मला बघून ताठ झाले. ‘घाई करून चलणा नाय,’ ते म्हणाले, जणू मीच त्यांना घाई करत होते.

आत काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पेज ढवळत होत्या. आधी भात गेला होता, मग मऊ भात, आता पेज. पुढे पेजेतली शितंही जाणार आणि नुसतं वरचं पाणी राहणार, हे त्यांना माहीत होतं. त्या मला म्हणाल्या, ‘बघ, ते तिकडे माशांना जास्त खायला घालतायत आणि मी इकडे कमी कमी खातेय.’ त्यांनीच विषय बदलला आणि माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली.

त्या उन्हाळ्यात काकांनी एकही मासा कापला नाही. काकूंनीच बजावलं होतं, सारखे कापून बघू नका, तयार झाला की मला बोलवा आणि माझ्यासमोर कापा. डोनल म्हणायचा, आता बघायला हरकत नाही. काका म्हणायचे, अजून थोडे दिवस. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी एकदा टाकीशी उभी असताना सरळ विचारलं, ‘काका, कशाची वाट बघताय?’

पाण्यात मासे गोल फिरत होते. बाहेरून सगळे सारखेच, पाठीवर ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा. बाहेरच्या त्या पट्ट्यावरून आतलं काही कळत नाही.

‘पांढरो निघालो तर?’ काका म्हणाले. ‘मगे काय करू?’

थांबूनही फार चालणार नव्हतं. थंडी सुरू झाली की माद्या अंड्यावर येतात आणि जमलेला रंग मांसातून निघून अंड्यांत जातो, हे डोनलने त्यांना सांगून ठेवलं होतं. तिकडे रंग भरत होता आणि इकडे काकू उतरत होत्या, आणि काका दोन्हींच्या मध्ये हातात दाण्याचं पातेलं घेऊन उभे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सुट्टीला मी ट्रलीला गेले. काकूंना तोंडाने पाणीही जाईनासं झालं होतं. अन्न देण्यासाठी पोटातून नळी घालायची म्हणून त्यांना आदल्या दिवशी हॉस्पिटलात दाखल केलं होतं. नळी दुसऱ्या दिवशी सकाळी बसायची होती. रात्री त्यांनीच आम्हाला घरी पाठवलं, मासे बघा, आंघोळी करा, सकाळी या.

सकाळी वादळ आलं. येणार हे सगळ्यांना माहीत होतं, घराबाहेर पडू नका म्हणून फोनवर कर्कश्श सूचना येत होत्या, पण ते इतक्या लवकर आणि इतकं येईल असं वाटलं नव्हतं. नाश्त्याच्या वेळी वीज गेली. मग फोनची रेंज गेली. मग फाटकाच्या पलीकडे मोठा आवाज झाला, आम्ही खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर झाड आडवं आणि त्यात विजेच्या तारा अडकून लोंबत होत्या. काका कोट घालून निघाले. मी त्यांच्या मागे धावले. झाडावर चढून पलीकडे जाऊ, तिथून चालत जाऊ, असं ते म्हणत होते; वाऱ्यात मला ते अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. मी त्यांचा कोट दोन्ही हातांनी धरून ठेवला. ‘काका, तारा आहेत. काका, तारा.’ शेवटी ते थांबले. हॉस्पिटलचा रस्ता समोर होता आणि त्यावरून जाता येत नव्हतं.

‘आज तिची नळी आसा,’ ते म्हणाले. मग वळले आणि घरामागे गेले.

पंप बंद पडलेला होता. टाकीवर रोज चालणारी घरघर नव्हती, आणि मासे वर आले होते. सगळे एकाच वेळी पृष्ठभागावर तोंडं उघडझाप करत होते. काकांनी बादली घेतली, पाण्यात बुडवली, डोक्याच्या वर उचलली आणि ओतली. वरून पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते. पुन्हा बुडवली, पुन्हा ओतली. मी स्वयंपाकघरातून मोठं पातेलं आणलं आणि दुसऱ्या टाकीशी उभी राहिले. माशाला कधी हात न लावलेली मी, त्यांच्या उघड्या तोंडांवर पाणी ओतत होते आणि ‘थांबा रे, थांबा’ असं काहीतरी बरळत होते.

किती वेळ ते करत होतो मला सांगता येणार नाही. हात भरून आले, मग बधिर झाले. मी एकदा म्हटलं, ‘काका, जरा बसा.’ त्यांनी ऐकलं नाही. मला कळत होतं की ते बादली खाली ठेवणार नाहीत, कारण ती ठेवली की हात रिकामे होणार आणि मग त्या रस्त्याकडे बघत बसण्याखेरीज काही उरणार नाही. दुपारी पहिला मासा उलटा झाला, पांढरं पोट वर. काकांनी त्याला हाताने सरळ केलं. तो पुन्हा उलटा झाला. मग दुसरा. मग आम्हाला कुठे बघावं कळेना.

वारा कमी झाल्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. डोनल तारांच्या अलीकडून, शेतातली कुंपणं उघडत, करवत घेऊन आला होता. तो टाकीपाशी आला, आत पाहिलं, टोपी काढली आणि काकांचा हात हातात घेऊन म्हणाला, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल.’

इथे मयताच्या घरी जाऊन हेच म्हणतात. शब्द न् शब्द हेच. काकांचा चेहरा असा झाला की मी पुढे होऊन त्यांना धरलं. ‘सिस्टर?’ त्यांनी विचारलं.

‘नो, नो,’ डोनल घाईघाईने म्हणाला, ‘गॉड, नो. द फिश. आय मीन द फिश.’

मग काका पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले. थोड्या वेळाने उठले, सगळ्यात मोठा मासा उचलला, तिथेच टाकीच्या कडेवर ठेवून त्याचं पोट चिरलं आणि एका बाजूचा अख्खा काप काढला. बघितला नाही. तोंड वळवून माझ्यापुढे धरला. ‘सांग.’

पिकलेल्या पपईच्या आत असतो तो रंग. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत.

‘केशरी, काका,’ मी म्हटलं. ‘अगदी केशरी.’

त्यांनी मग पाहिलं. मला वाटलं होतं, ते रडतील नाहीतर काही बोलतील. ते नुसते ‘बरा’ म्हणाले, आणि तो मासा धुऊन, बर्फ घालून, डब्यात भरला. डोनलने आम्हाला ट्रॅक्टरवरून शेतातून पलीकडच्या रस्त्यावर नेलं आणि तिथून त्याच्या भावाच्या गाडीने हॉस्पिटलात पाठवलं. सबंध वाटेत काकांनी डबा मांडीवर धरला होता.

काकूंची नळी सकाळीच बसली होती, व्यवस्थित. हॉस्पिटल स्वतःच्या जनरेटरवर चाललं होतं आणि काकू उशीला टेकून बसल्या होत्या. आमच्या दोघांच्या ओल्या कपड्यांकडे त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘मासे गेले?’

‘गेले,’ काका म्हणाले. ‘पण इलो.’

डबा उघडला. काकूंनी चष्मा मागितला. त्यांनी काप हातात घेतला, दिव्याकडे फिरवला, बोटाने दाबून पाहिला. किती तरी वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘मानेकडे कमी आसा.’

‘जरासो,’ काकांनी कबूल केलं.

‘पण इलो.’

मी खिडकीकडे तोंड केलं. त्यांना तो खाता येणार नव्हता हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला काही करता येत नव्हतं. काकूंनीच त्यातून वाट काढली. ड्यूटीवरची नर्स त्यांच्याच हाताखाली शिकलेली होती. तिला बोलावून त्यांनी तो काप मीठ लावून वॉर्डच्या किचनमध्ये गरम करून आणायला सांगितला. नर्स इथल्या होकाराच्या पद्धतीने ‘ग्रँड, सिस्टर’ म्हणून गेली आणि ताटलीत घेऊन आली. काकूंनी ती काकांपुढे सरकवली.

‘खावा. माझ्यासमोर खावा.’

काकांनी घास घेतला. चावत राहिले.

‘कसो लागता?’

‘बरो आसा.’

‘बरो काय? सांगा मा नीट. माका कळाक व्हया.’

काकांनी दुसरा घास घेतला, डोळे मिटले, खरोखर विचार केला. मग डोळे उघडून अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, ‘पांढऱ्यासारखोच लागता.’

काकू हसल्या. त्यांना हसायला दुखत होतं, पोटावर हात दाबून धरावा लागत होता, तरी हसत होत्या. ‘मगे येवढो खटाटोप कित्याक केलात?’ आणि काका तोंडात घास तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनाही हसू आलं, आणि त्याच हसण्यात ते रडायला लागले.

त्यानंतर तो काकूंचा नेमच झाला. काकांनी घरून डबा आणायचा, त्यांच्यासमोर बसून जेवायचं आणि प्रत्येक पदार्थ कसा लागतो ते सांगायचं. उभ्या आयुष्यात जेवणाला ‘बरा आसा’ याच्यापुढे काही न म्हटलेले काका शिकले. मी एका रविवारी गेले तेव्हा ते सांगत होते, आमटीत चिंच आधी लागते, मग मागून गूळ. कुळीथ जरा जास्त भाजला गेलाय, त्याचा करपट वास घशात राहतो. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच विचारत, ‘खोबरां?’ काका जिभेवर घोळवून सांगत, ‘आसा. जून आसा जरा.’ ताटातला एकही घास त्या सांगितल्यावाचून जाऊ देत नसत.

नोव्हेंबर संपता संपता काकू गेल्या. डोनल आला, काकांचा हात धरून उभा राहिला, आणि या वेळी तो काहीच बोलला नाही.

काकांनी अस्थी वेंगुर्ल्याला न्यायच्या ठरवल्या. तिकडे धाकटा भाऊ आहे, त्याच्याकडेच ते आता असतात. समुद्र घरासमोर, बांगडे दारात येतात, असं भाऊ फोनवर सांगतो. काका फोनवर फारसे बोलत नाहीत. मी काही विचारलं की ‘सगळा बरा’ म्हणतात आणि माझ्या घरच्यांची नावं घेऊन एकेकाची खुशाली विचारतात.

इथून निघाले तेव्हा डब्लिनहून त्यांचं विमान होतं म्हणून ते आदल्या दिवशी आमच्याकडे ओंगारला आले. मी साधंच केलं होतं, पिठलं, भात, लसणाची चटणी. माझ्या नवऱ्याने त्यांना गप्पांत रमवायचा प्रयत्न केला. विमान कुठे बदलायचं, गोव्याला कोण घ्यायला येणार. काका हो, नाही म्हणत होते. आम्ही पानावर बसलो. काकांनी भात कालवला, घास घेतला आणि थांबले. मग खाली ताटाकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, ‘मीठ बेताचा आसा. लसूण कच्ची नाय, तेलात परतलेली. मिरची मागसून येता.’

मला वाटलं मलाच सांगतायत. ‘जास्त तिखट झालंय का?’ असं विचारायला मी तोंड उघडलं. त्यांनी मान वर केली नाही. दुसरा घास घेतला. ‘भात आंबेमोहोर न्हय, पण वास बरो आसा. जरा गिजगो झालो हा. तुका आवडलो असतो.’

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच त्याला गप्प बस म्हटलं. काका सांगत राहिले, घासामागून घास, कुणाला न बघता, एकही न गाळता. त्यांचं ताट रिकामं होत आलं. मी उठले आणि त्यांना आणखी भात वाढला.